पेंढा विकायचा, चारायचा की गुरांखाली घालायचा? भातकापणीच्या दिवसांतला गोठा

व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून वही-पेन घेऊन बसणाऱ्यांसाठी सगळा हिशोब इथे निवांत मांडतोय. विषय तुमच्या दारातला आहे: दसरा ते तुळशीचं लग्न या दिवसांतला गोठा, आणि त्याच दिवसांत घरात येणारा पेंढा. दुकानात या काळात दोन प्रकारची माणसं येतात. एक म्हणतो, "पेंढ्याला गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू का?" दुसरा म्हणतो, "गाईच्या कासेला सूज आलीय, काहीतरी पावडर द्या." हे दोन प्रश्न एकाच गोठ्यातले आहेत, हे मात्र दोघांच्याही लक्षात येत नाही.

आधी हे समजून घ्या की आपल्याकडे गुरं या दिवसांत दावणीला का असतात. विलायतेतले गोठ्याचे व्हिडिओ बघितले असतील, तर तिकडे पानगळ सुरू झाली की गाई आत घेतात, कारण बाहेर गारठा पडतो आणि कुरणात चिखल होतो. खाली गुडघाभर गव्हाचा पेंढा घालतात आणि तोच थर वाढवत नेतात. खालचा पेंढा कुजताना ऊब देतो, ती त्यांना हवीच असते. महाड-पोलादपूरला कारण वेगळं. खाचरात भात पिकून उभं असतं. एक गुरू सुटलं तर शेजाऱ्याचं नुकसान, मग भांडण, मग कोंडवाडा. शेवटचं गरवं भात निघालं की आपण गुरं मोकळी सोडतो, ती थेट पावसाळ्यापर्यंत. म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून साधारण सहा आठवडे गुरं जवळजवळ पूर्ण वेळ दावणीला असतात, बाहेर ऑक्टोबरचा उकाडा, पहाटे दव, आणि मधूनच दुपारी गडगडाट करून येणारा परतीचा पाऊस.

व्यवसायाच्या भाषेत सांगायचं तर या सहा आठवड्यांत शेण आणि मूत पूर्ण आपल्या ताब्यात असतं. पुढे सात महिने ते माळावर आणि रस्त्यावर पडतं. आणि नेमक्या याच सहा आठवड्यांत मूत धरून ठेवणारा माल, म्हणजे पेंढा, घरात येतो. एवढा जुळून आलेला योग वर्षातून एकदाच येतो. तरी आपण काय करतो? पेंढा अख्खाच्या अख्खा उडवीत रचतो, नाहीतर गिऱ्हाइकाला देतो, आणि गाय ओल्या जमिनीवर बसते.

आधी पेंढ्याचे तीन ढीग करा

माझं म्हणणं एकच आहे: सगळा पेंढा एका दराचा नसतो, म्हणून तो एका ढिगात जाता कामा नये. दुकानात मी सुटा तांदूळ आणि कणी एकाच पोत्यात भरतो का? मग खळ्यावर का भरायचं?

हळवं भात सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला तयार होतं. त्याच्या कापणीवर परतीचा पाऊस हमखास येतो. पेंढा भिजतो, काळवंडतो, वास धरतो. निमगरवं मधलं. गरवं नोव्हेंबरमध्ये निघतं, तेव्हा आभाळ निरभ्र असतं, पेंढा सोनेरी आणि खडखडीत वाळलेला मिळतो. म्हणजे निसर्गानेच प्रतवारी करून दिलीय. हळव्याचा भिजून वाळलेला पेंढा गुरांखाली. गरव्याचा स्वच्छ पेंढा वैरणीला, आणि घरची वैरण भागून उरला तर विकायला.

दुसरी प्रतवारी मळणीवरून होते. हाताने झोडलेला पेंढा लांब आणि अखंड राहतो, त्याच्या पेंढ्या नीट बांधता येतात. आंब्याच्या हंगामात आढी घालायला, पेट्या भरायला असाच पेंढा लागतो, म्हणून तो विकाऊ माल. मळणी यंत्रातून निघालेला पेंढा मोडलेला, चेचलेला असतो. गिऱ्हाईक त्याला नाक मुरडतं, पण गुरांखाली घालायला तोच सरस, कारण चेचलेली काडी पाणी लवकर ओढते. लांब काडीवरून मूत घरंगळतं. तुमच्याकडे लांब पेंढाच असेल तर कोयत्याने पेंढीचे दोन-तीन तुकडे करा. कडबा कुट्टी असेल तर उत्तमच, पण त्यासाठी मुद्दाम कुट्टी यंत्र घेऊ नका. मी ते विकतो, तरी सांगतोय.

तिसरा ढीग बुरशीचा. काळी-पांढरी बुरशी आलेला, झटकल्यावर धूर उडावा तशी भुकटी उडणारा पेंढा गुरांना चारायचा नाही आणि त्यांच्याखालीही घालायचा नाही. बुरशीचा भाताचा पेंढा खाल्ल्याने गुरांना, विशेषतः म्हशींना, देगनाला नावाचा आजार होतो. शेपटीचं टोक, कानाच्या कडा आणि खुरांच्या वरची कातडी काळी पडून सडते. आणि खाली घातला तरी गुरू त्यात तोंड घालतंच. शिवाय ती भुकटी तुमच्या छातीत जाते ती वेगळी. असा पेंढा सरळ खतखड्ड्यात. नाका-तोंडाला रुमाल बांधूनच तो हलवायचा.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतल्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. तुमच्याकडे डोंगर-उतारावर नाचणी आणि वरी असते. नाचणीचा पेंढा भाताच्या पेंढ्यापेक्षा गुरांना चांगला पचतो, त्यात चुनाही जास्त असतो. भाताच्या पेंढ्यात वाळूसारखी सिलिका भरपूर आणि प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. मग नाचणी गव्हाणीत आणि भात खाली, ही सरळ वाटणी झाली. दिवाळीच्या आसपास डोंगरावरचं गवत कापता, त्यातलं पाती असलेलं मऊ गवत वैरणीला ठेवा आणि जून, काडीसारखं झालेलं बिछान्यात मिसळा. महाडच्या बाजूला, सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या काठच्या गावांत, नाचणी कमी आणि भातच भात. तिथे हळव्या-गरव्याची वाटणीच कामाला येते.

एका गुराला किती पेंढा?

इथे अंदाज नको, ताणकाटा हवा. तुमच्या गावची पेंढी किती किलोची भरते ते एकदा मोजून दारावर खडूने लिहून ठेवा. प्रत्येक गावची पेंढी वेगळी, त्यामुळे "शेकडा" हे माप गिऱ्हाइकाशी बोलताना ठीक, हिशोबाला नाही.

आपल्याकडची गावठी गाय अंगाने लहान. दिवसाला साधारण आठ-दहा किलो शेण आणि पाचेक लिटर मूत धरा. जर्सी-होल्स्टीनची संकरित गाय किंवा म्हैस याच्या दीडपट-दुप्पट. वाळलेला पेंढा स्वतःच्या वजनाच्या दोन ते तीन पट पाणी धरतो. म्हणजे पाच लिटर मूत धरायला दोन ते अडीच किलो पेंढा. बस, एवढंच गणित आहे.

रोज अडीच किलो म्हणजे ४५ दिवसांत एका गावठी गुराला ११२ किलो, आपण ११० धरू. आपल्याकडे गुंठ्याला ३० किलोच्या आसपास भात उतरतं असं समजा. पेंढाही साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त निघतो. म्हणजे एका गाईचा सहा आठवड्यांचा बिछाना साडेतीन-चार गुंठ्यांच्या पेंढ्यात होतो. चार गुरं असतील तर सोळा गुंठे. ज्यांच्याकडे वीस गुंठे हळवं भात आहे, त्यांना एक काडीही विकत घ्यावी लागणार नाही.

ओल्या जमिनीवर पेंढा म्हणजे चिखलावर चादर

पेंढा टाकण्याआधी गोठा बघा. पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून आपण कुडाच्या भिंतींना झावळ्या, प्लास्टिक, जुनी ताडपत्री बांधतो. जुलैत ते बरोबर होतं. ऑक्टोबरात तेच प्लास्टिक गोठ्याची भट्टी करतं. पश्चिमेकडची बाजू दुपारच्या उन्हासाठी झाकलेली ठेवा, बाकी सगळं सोडा. कारवीच्या कुडाचा गोठा याबाबतीत विटांच्या गोठ्यापेक्षा चांगला, वारा खेळतो.

वारा पुरेसा आहे का हे तपासायची सोपी रीत: पहाटे दार उघडल्या उघडल्या आत जा आणि वासराच्या नाकाच्या उंचीला उकिडवे बसा. डोळे चुरचुरले, नाकात झणझण झाली, तर रात्रभर वासराने तेच ओढलंय. उभं राहून ते कळत नाही.

मग उतार. गव्हाणीपासून मागच्या नाळीपर्यंत ४० ला १ असा उतार असावा. म्हणजे गुरू उभं राहतं ती पाच फुटांची जागा धरली तर मागची बाजू दीड इंच खाली. जास्त केला तर गुरू मागे घसरतं, गाभण गाईला तर ते अजिबात नको. मातीची जमीन असेल तर पाऊस थांबल्यावर खड्डे मुरूम घालून ठोका, मग सारवा, दोन दिवस सुकू द्या. गुरू उभं राहून राहून मागच्या पायांपाशी खळगा पडतो, सगळं मूत तिथेच साचतं. तो एक खळगा बुजवला तरी निम्मं काम झालं. कोबा केलेला असेल तर तो गुळगुळीत नको, खरवडलेला हवा.

जागा एका मोठ्या गाईला छपराखाली साधारण साडेतीन चौरस मीटर लागते, म्हशीला चार. आपली गावठी गाय यापेक्षा कमीत भागवते, पण दावं एवढं आखूड नसावं की तिला एका कुशीवरच बसावं लागेल.

रबरी मॅटचं विचाराल, म्हणून सांगतो. मी मॅट विकतो आणि संकरित दुभत्या गाईंसाठी त्या चांगल्याच आहेत. पण मॅट मूत शोषत नाही, ते वाहून जातं. नाळ आणि टाकी केलेली असेल तर हरकत नाही. नसेल तर आधी पेंढा, मॅटचं पुढच्या वर्षी बोलू.

रोजचं काम

संध्याकाळी गव्हाणीत वैरण आधी, पेंढा खाली नंतर. हा क्रम उलटा झाला की भुकेलं गुरू बिछानाच खायला लागतं. पोट भरल्यावर, धार काढून झाल्यावर, पेंढा पसरा. मागच्या दोन-तृतीयांश भागात जास्त, पुढच्या पायांखाली कमी. धारेनंतर सडाची भोकं अर्धा तास तरी उघडी असतात, म्हणून गाईला लगेच बसू द्यायचं नाही. थोडी हिरवी वैरण गव्हाणीत टाकून तिला उभं ठेवा आणि बसेल तेव्हा कोरड्यावर बसेल असं बघा. कासदाह टाळण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

सकाळी शेण आणि त्याला चिकटलेला ओला पेंढा एकत्रच उचलायचा. शेण वेगळं, पेंढा वेगळा करायला बसू नका. गोवऱ्यांसाठी लागणारं तेवढं शेण आधी बाजूला काढा. कोरडा राहिलेला पेंढा पुढे सारून दिवसभर उन्हात वाळवा, संध्याकाळी पुन्हा वापरता येतो.

आणि आठ दिवसांतून एकदा सगळा बिछाना काढून जमीन मोकळी करायची. विलायतेसारखा थर वाढवायचा नाही. तिथे थंडीत ती ऊब कामाची, इथे ऑक्टोबरात ती गुराला जाच आणि माश्यांना पाळणा. या हवेत घरमाशीची अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, चावऱ्या माशीला थोडे जास्त. आठव्या दिवशी बिछाना निघाला की त्यांचं चक्र तुटतं. जमीन उघडी पडेल तेव्हा चुन्याची भुकटी हलकी भुरभुरा, वाळू द्या, मग नवा पेंढा. चुना खताच्या ढिगात मात्र टाकू नका, त्याने नत्र वायू होऊन उडून जातं.

माश्या, गोचीड आणि डास यांचा विषय २०२२ च्या लम्पीनंतर हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. लाळ्या-खुरकूतची लस सहा महिन्यांनी असते, तुमच्या गावात ती कधी येणार हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवा. लस झाली म्हणून ओला गोठा चालतो असं नाही. खूर सतत ओलं राहिलं की मऊ पडतं, भेगाळतं, आणि मग साधा खडाही आत शिरतो.

माणसांचंही बघा. गोठ्यातलं काम आपल्याकडे बहुतेक घरांत बायका करतात, आणि अनवाणी करतात. कोकणात भातकापणीच्या दिवसांत लेप्टोचे रुग्ण दिसतात. तो जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून पसरतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शिरतो. घरातल्या बाईला गमबूट आणून द्या. ताप आला तर "मी गोठ्यात काम करते" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं. पेंढा असेल तिथे उंदीर, उंदीर तिथे साप. उडवीत हात घालण्याआधी काठीने हलवा. विंचवाचं तर महाडकरांना सांगायला नको. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी बिरवाडी आणि महाडमध्ये बसूनच विंचूदंशावरचं संशोधन केलं, प्राझोसिन हे औषध जगासमोर आणलं, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आपल्याच गावात सिद्ध झालं असताना मंत्र टाकायला थांबणारा माणूस मला अजूनही भेटतो. विंचू चावला की तडक दवाखाना.

आता वहीतला हिशोब

इथे जरा लक्ष द्या, कारण इंटरनेटवर या विषयावर फार थापा आहेत. "गोमूत्रातून लाखो कमवा" वगैरे.

गोमूत्रात साधारण एक टक्का नत्र असतं. पाच लिटरमध्ये ५० ग्रॅम. ४५ दिवसांत सव्वादोन किलो. आता युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि तिच्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असतं. एक किलो नत्र १३ रुपयांच्या आत पडतं. मग एका गाईच्या सहा आठवड्यांच्या मुताचं नत्र, एक थेंबही वाया गेला नाही असं धरून, किती रुपयांचं? २९ रुपयांचं! कारण युरियाचा बाकीचा खर्च सरकार भरतं. तेव्हा "पेंढा टाका, युरिया वाचवा" एवढ्यावर कोणी तुम्हाला पटवत असेल तर त्याला हा हिशोब दाखवा.

मग करायचं कशाला? तीन कारणांसाठी, आणि पैसे तिथे आहेत.

पहिलं दूध. समजा सहा लिटर देणारी संकरित गाय आहे आणि महाड शहरात ६० रुपयांनी रतीब आहे. कासदाह झाला, प्रतिजैविकाची इंजेक्शनं सुरू झाली, की ते दूध विकता येत नाही. सात दिवस धरा: ६ गुणिले ६० गुणिले ७, म्हणजे २,५२० रुपये. डॉक्टर आणि औषध वेगळं. एखादा सड कायमचा गेला तर गाईची किंमतच उतरते, आणि तुटलेला रतीब दुसऱ्याकडे जातो तो परत येत नाही. संकरित गाईला पेंढा दुप्पट लागला, म्हणजे २२० किलो, आणि तो किलोला पाच रुपयांनी विकला जाईल असं समजलं, तरी खर्च १,१०० रुपये. त्यातही तो भिजलेला हळवा पेंढा, ज्याला गिऱ्हाईक अर्धा भावही देणार नाही. तुमच्या गावचे दर घालून हा हिशोब स्वतः करा.

दुसरं खताचं आकारमान. बिछान्याशिवाय एका गावठी गाईचं ४५ दिवसांचं शेण साधारण ३६० किलो, मूत जमिनीत मुरलेलं. बिछान्यासह तेच शेण ३६०, पेंढा ११०, मूत २२५, म्हणजे जवळजवळ ७०० किलो ओला माल. कुजून निम्मा राहिला तरी ३५० किलो तयार खत. चार गुरांचं १,४०० किलो. भाताला हेक्टरी दहा टन शेणखत द्या असं सांगतात, म्हणजे गुंठ्याला १०० किलो. चौदा गुंठ्यांचं खत फक्त या सहा आठवड्यांत तयार झालं. शेणखत विकत आणायला निघालात तर टेम्पोवाला भाडं किती मागतो ते आठवा.

तिसरं कारण पालाश आणि सिलिका. पेंढ्यात सव्वा-दीड टक्का पालाश असतं, मुतात नत्रापेक्षाही जास्त, आणि पालाशचं खत युरियासारखं स्वस्त नाही. भाताचं खोड ताठ ठेवायला सिलिका लागते. पेंढा दरवर्षी गावाबाहेर विकत गेलो तर खाचरातली ही दोन्ही द्रव्यं गावाबाहेर जातात. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत पहिलंच सूत्र भाताचे अवशेष खाचरात परत द्यायचे, हे आहे. दुसरं गिरिपुष्पाचा पाला, तिसरं नियंत्रित लावणी, चौथं युरिया-ब्रिकेट. लोक चौथं सूत्र उचलतात, कारण ते दुकानात मिळतं.

थोडक्यात विकाऊ पेंढा जरूर विका. मी विकायच्या विरोधात नाही, मी दुकानदार आहे. पण विकताना स्वच्छ गरवा विका आणि भाव पाडून घेऊ नका. नोव्हेंबरात सगळ्यांकडे पेंढा असतो तेव्हा दर पडलेला असतो. आंब्याच्या हंगामापर्यंत कोरडा टिकवलात तर तोच माल चार पैसे जास्त देतो.

काढलेला बिछाना कुठे ठेवायचा

उकिरड्यावर फेकायचा असेल तर वरची सगळी मेहनत फुकट. पेंढ्यात कर्ब नत्राच्या साठ-सत्तर पट असतं, शेणात वीस-पंचवीस पट. शेण-मुताने भिजलेल्या पेंढ्यात हे प्रमाण मधे येतं, म्हणून तो नुसत्या पेंढ्यापेक्षा लवकर कुजतो. पण कच्चाच उचलून वांगी-मिरचीच्या वाफ्यात घातलात तर रोपं पिवळी पडतील, कारण कुजवणारे जंतू जमिनीतलं नत्र आधी स्वतः खातात.

नाडेप पद्धत आपल्याच महाराष्ट्रातली, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींना भोकं ठेवलेली विटांची टाकी. काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर, वरून लिंपण, तीन-चार महिन्यांत खत. विटांचा खर्च नको असेल तर बांबूची किंवा कारवीची तट्टी लावूनही चालतं. आपला माल आधीच शेण-मूत लागलेला असल्याने शेणकाला कमी पुरतो. मूठभर माल घट्ट पिळा: हाताला ओल लागली पाहिजे, पाणी ठिबकायला नको.

वेळेचा फायदा बघा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरलेली टाकी फेब्रुवारी-मार्चला तयार होते. पूर्ण कोरड्या हंगामात. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनमध्ये उघडा ढीग ठेवला तर त्यातलं विरघळणारं सगळं नत्र-पालाश सावित्रीत जातं आणि हातात चोथा उरतो. मेअखेर खत खाचरात गेलं पाहिजे, नाहीतर प्लास्टिकखाली.

राबाचं काय, असं जुनीजाणती मंडळी विचारतील. मार्च-एप्रिलात शेण, पाला, पेंढा दाढीवर पसरून भाजायची आपली रीत आहे. भाजल्याने तणाचं बी मरतं, राखेतला पालाश मिळतो, हे खरं. पण सहा आठवडे जपून साठवलेलं नत्र त्या धुरात उडून जातं. राब करायचाच असेल तर पाल्या-फांद्यांचा करा, बिछान्याचं खत त्यात घालू नका.

उडवीबद्दल दोन शब्द, आणि दिवाळी

उडवी जमिनीवर नको, दगड-लाकडांच्या माचावर हवी. २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते प्रत्येक नदीकाठच्या घराला माहीत आहे. पावसाळ्यापर्यंत ठेवायचा पेंढा त्या खुणेच्या वर रचा. अर्धवट ओला पेंढा आत रचला तर तो तापतो. शंका आली तर उडवीत लोखंडी पहार खुपसून पंधरा मिनिटांनी काढा. हाताला सहन होत नसेल इतकी गरम असेल तर त्याच दिवशी उडवी मोडून पेंढा वाळवायचा.

वसुबारसेला आपण गाय-वासरू पुजतो आणि चार दिवसांनी त्याच गोठ्याशेजारी बाण उडवतो. उडवी गोठ्यापासून निदान पन्नास फूट लांब हवी, विजेच्या तारेखाली नको. पत्र्याच्या छपरावर उन्हासाठी पेंढा घातला असेल, आणि ती युक्ती चांगलीच आहे, तर तो दिवाळीपुरता उतरवा. उतरवणं जमत नसेल तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यावर चांगलं पाणी मारा. आणि त्या चार रात्री दावं सुटं करता येईल अशा गाठीने बांधा, साखळीला कुलूप नको. आग लागली तर कुलपाची किल्ली कोणाला सापडत नाही.

वैरणीच्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करायची का, हे बऱ्याच जणांनी दुकानात विचारलं. १०० किलो पेंढा, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी, २१ दिवस हवाबंद. पचन सुधारतं, हे खरं. पण माप चुकलं तर विषबाधा होते, आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना तो द्यायचाच नाही. त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करतोय, पशुवैद्यकांना सोबत घेऊनच. तोपर्यंत कोणी स्वतःच्या मनाने करू नका. या रविवारपर्यंत एवढंच करा: पेंढी मोजा, तिचं वजन दारावर लिहा, आणि हळव्याचा पेंढा वेगळा रचा.